चित्राची किंमत आणि चित्रकाराची वही

मुंबईत काळा घोडा भागातल्या जहांगीर कलादालनात मंगळवारी प्रदर्शन लागते आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी उतरते. त्या आठवड्यात चित्रासमोर थबकलेला माणूस आधी दोन पावले मागे जाऊन चित्र बघतो, मग वाकून शेजारची पट्टी वाचतो. पट्टीवर नाव, माप, माध्यम आणि साल असते. किंमत बहुधा नसते, ती टेबलावरच्या यादीत असते. ही यादी मागायला बघणारा संकोचतो आणि पुढे करायला चित्रकार संकोचतो. कला महाविद्यालयात चार-पाच वर्षे चित्र काढायला शिकवतात. पण त्याचा भाव कसा लावायचा, बिल कसे करायचे, गॅलरीशी काय ठरवून घ्यायचे, हे कोणी नीट बसवून सांगत नाही. मग जो तो ठेचा खात शिकतो. विक्रीची एक रीत आहे आणि ती समजून घेता येते, म्हणून हा लेख.

सुरुवात खर्चापासून करू. २४ बाय ३६ इंचांचा एक ॲक्रिलिक कॅनव्हास घ्या. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, ज्याने त्याने आपले भरावेत. स्ट्रेचरवर ताणलेला कॅनव्हास १,८०० रुपये. रंग, मीडियम आणि झिजलेले ब्रश धरून १,५००. फ्रेम २,५००. म्हणजे चित्र भिंतीवर लागण्याआधीच चित्रकाराचे ५,८०० रुपये गेले. काम आठ दिवस चालले. आता हे चित्र २१,६०० रुपयांना विकले गेले आणि गॅलरीचे कमिशन ४० टक्के असले, तर ८,६४० रुपये गॅलरीचे. उरलेल्या १२,९६० मधून ५,८०० वजा जाता राहिले ७,१६०. दिवसाला ८९५ रुपये. शहरात भिंती रंगवणाऱ्या कारागिराची रोजंदारी साधारण याच घरात असते. शिवाय या हिशेबात स्टुडिओचे भाडे नाही, वीजबिल नाही आणि न विकली गेलेली चित्रेही नाहीत. ज्यांना चित्रांच्या किमती ऐकून धक्का बसतो त्यांनी ही बेरीज-वजाबाकी एकदा करून पाहावी.

२१,६०० हा आकडा आला कुठून? आपल्याकडे भाव लावायची सर्वांत रुळलेली पद्धत चौरस इंचाची. २४ गुणिले ३६ म्हणजे ८६४ चौरस इंच, इंचाला २५ रुपये दर, झाले २१,६००. सोपे आहे, यादी पाच मिनिटांत होते. अडचण टोकांना येते. त्याच दराने १२ बाय १२ चे छोटे चित्र ३,६०० रुपयांचे होते. फ्रेम आणि कमिशन वजा केले की त्यात चित्रकाराला जवळजवळ काहीच उरत नाही. उलट ४८ बाय ६० चा मोठा कॅनव्हास ७२,००० वर जातो आणि नवोदिताच्या बाबतीत तिथेच अडकतो. म्हणून दुसरी पद्धत: लांबी आणि रुंदी यांची बेरीज करायची आणि तिला दर लावायचा. २४ अधिक ३६ म्हणजे ६०, दर ३६० रुपये, किंमत तीच २१,६००. पण आता छोटे चित्र ८,६४० चे झाले आणि मोठे ३८,८८० चे. नवख्या चित्रकाराने ही दुसरी पद्धत धरावी असे माझे स्पष्ट मत आहे. छोटे चित्र तोट्यात जात नाही आणि मोठे चित्र घेणाऱ्याला घाम फुटत नाही.

दर किती असावा हे मात्र गणित सांगत नाही. आपल्याच वयाचे, आपल्याइतकीच प्रदर्शने केलेले चित्रकार काय भाव घेतात ते चार याद्या मागून पाहावे आणि त्याच्या आसपास सुरुवात करावी. वर्षभरात केलेल्या कामातले निम्म्याहून अधिक विकले गेले, की दर थोडा वाढवावा. वाढ हळू ठेवायची, कारण भाव चढवता येतो, उतरवता येत नाही. उतरवला की ज्याने गेल्या वर्षी जास्त पैसे मोजून चित्र नेले त्याला आपण फसवले असे होते, आणि तो माणूस पुन्हा येत नाही.

माध्यमाचाही भावावर परिणाम होतो. कागदावरच्या कामाला बाजारात कॅनव्हासपेक्षा कमी भाव मिळतो. जलरंगात एक फटकारा चुकला तर अख्खा कागद वाया जातो, तरीही रीत अशी आहे. मला ती कधीच पटलेली नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लोक ज्या चित्रासमोर खिळून उभे राहतात ते सा. ल. हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ कागदावरचे जलरंगचित्रच आहे. जलरंगात काम करणाऱ्याने निदान सामग्रीत तडजोड करू नये: आम्लमुक्त ३०० जीएसएमचा कागद, माउंटही आम्लमुक्त आणि आर्टिस्ट दर्जाचे रंग. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ट्यूबमधले काही रंग प्रकाशात उडतात. खरा अलिझरिन क्रिमसन तर यासाठी बदनामच आहे. दिवाणखान्यात लावलेले चित्र दहा वर्षांत फिके पडले तर त्याची किंमत लावायचा आपल्याला अधिकार काय?

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट: वही. संगणकावर ठेवा किंवा दोनशेपानी लांबट वहीत, पण पहिल्या विकाऊ चित्रापासून ठेवा. प्रत्येक चित्राला क्रमांक. त्यापुढे नाव, माप, माध्यम, पूर्ण झाल्याचा महिना आणि साल, फोटो कुठे ठेवला आहे ते, ठरलेली किंमत, चित्र सध्या कुठे आहे, कोणी घेतले, केव्हा, कितीला. तोच क्रमांक कॅनव्हासच्या मागे, सहीशेजारी. एवढेच काम, पण याच्यामुळे एका चित्राची किंमत सगळीकडे एकच राहते.

एकच किंमत हा मुद्दा बारकाईने समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक भांडणे इथे होतात. गॅलरीत २१,६०० चे चित्र स्टुडिओत आलेल्या माणसाला १३,००० ला देण्याचा मोह होतो. ‘तसेही माझ्या हातात तेवढेच पडणार होते,’ असे चित्रकार म्हणतो. पण गॅलरी ४० टक्के घेते ते जागा, दिवे, गिऱ्हाइकांची यादी, फोन, पाहुणचार आणि महिनोन्‌महिने केलेला पाठपुरावा यांचे. स्टुडिओत विकताना ही सगळी कामे चित्रकार स्वतः करतो. मग तो वाटाही त्याचाच. शिवाय गॅलरीतून घेणाऱ्याला हे कळले, आणि ते कळतेच, तर गॅलरीचा विश्वास आणि गिऱ्हाईक दोन्ही जातात. सवलत द्यायची तर आधीच ठरवून ठेवावी: दोन चित्रे एकदम घेणाऱ्याला किंवा जुन्या गिऱ्हाइकाला दहा टक्के, त्यापुढे नाही. ‘काही कमी होईल का?’ हा प्रश्न आपल्याकडे येणारच. त्याचे उत्तर तयार असले की आवाज चढत नाही आणि चेहराही पडत नाही. इंटिरियर डिझायनर गिऱ्हाईक आणतात तेव्हा तेही आपला टक्का मागतात. तो याच किमतीतून द्यायचा, वर चढवून नाही.

विकायचे कुठे? मुंबईतल्या चित्रविक्रीचा इतिहास पाहिला तर त्यात फ्रेमच्या दुकानाला मानाचे स्थान आहे. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये केमोल्ड हा फ्रेमचा व्यवसाय सुरू केला. फ्रेम दाखवायला त्यात चित्रे लावावी लागत, आणि ती चित्रे पुढे प्रसिद्धीला आलेल्या तरुण चित्रकारांची होती. १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उभी राहिली. आजही गावातल्या चांगल्या फ्रेमवाल्याशी ओळख ठेवणे हा नव्या चित्रकाराचा उत्तम पहिला सौदा आहे. भिंतीवर काय लावावे हे विचारत माणसे त्याच्याकडेच येतात.

पुढे दोन वाटा. एक भाड्याच्या दालनाची. १९५२ मध्ये सुरू झालेले जहांगीर या प्रकारातले सर्वांत मोठे नाव. पुण्यात बालगंधर्व कलादालन आहे, कोल्हापुरात शाहू स्मारक भवन आहे. अर्ज करायचा, कामाचे फोटो द्यायचे, निवड झाली की तारीख मिळेपर्यंत थांबायचे. जहांगीरला ही प्रतीक्षा वर्षांची असते. भाडे, टेम्पो, फ्रेमा, निमंत्रणे, कॅटलॉग हा सारा खर्च चित्रकाराचा. नागपूरहून किंवा सावंतवाडीहून येणाऱ्याला वर मुंबईतला मुक्काम. म्हणून तीन-चार मित्रांनी मिळून दालन घेणे शहाणपणाचे. दुसरी वाट खासगी गॅलरीची. ती भाडे घेत नाही, विक्रीवर कमिशन घेते. तीस ते पन्नास टक्के हा रुळलेला पल्ला. गॅलरी चित्रे आपल्याकडे ठेवून घेते तेव्हा सही केलेला कागद हवाच: कोणती चित्रे, वहीतल्या क्रमांकासह, किती महिने, वाहतूक कोणाची, विमा कोणाचा, विक्रीनंतर पैसे किती दिवसांत. हा कागद मागितला म्हणून नाराज होणाऱ्या गॅलरीकडे चित्रे ठेवू नयेत. परदेशातल्या प्रदर्शनासाठी ‘निवड’ झाल्याचे कळवून आधी भरघोस शुल्क मागणाऱ्यांना तर सरळ नकार द्यावा. त्यांचे उत्पन्न चित्रकाराच्या खिशातून येते, चित्र विकायची त्यांना गरजच नसते.

या दोन वाटांखेरीज संस्थांची वार्षिक प्रदर्शने आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासून आहे. तिथे विक्री कमी होते, पण निवड आणि पारितोषिक पुढच्या अर्जावर लिहिता येते. बंगळुरूला जानेवारीत एका दिवसाची चित्रसंते भरते. कर्नाटक चित्रकला परिषदेसमोरचा अख्खा रस्ता चित्रांनी भरतो, आणि लहान आकाराची कामे हातोहात जातात.

प्रदर्शनाच्या आठवड्यात काय घडते ते नीट सांगायला हवे, कारण नव्या चित्रकाराच्या अपेक्षा इथेच चुकतात. उद्घाटनाला आप्त, शिक्षक, मित्र येतात. विकत घेणारा त्या गर्दीत सहसा नसतो. तो बुधवारी-गुरुवारी दुपारी येतो, एकटा, आणि पुन्हा एकदा घरच्यांना घेऊन येतो. त्या दुसऱ्या फेरीला चित्रकार जागेवर हवा. अकरा ते सात बसून राहणे हे कामच आहे. विकल्या गेलेल्या चित्राच्या पट्टीवर लाल टिकली लावतात. ही टिकली नुसत्या शब्दावर कधीही लावू नये. ‘माझे समजा,’ म्हणून गेलेला माणूस सोमवारपर्यंत येत नाही, आणि मधल्या दिवसांत टिकली पाहून दोन खरे इच्छुक निघून गेलेले असतात. निम्मी रक्कम हातात पडली की टिकली. अभिप्रायवहीत नाव आणि फोन लिहिणाऱ्यांपैकी ज्यांनी एखाद्या चित्राविषयी काही विचारले त्यांची नोंद त्याच रात्री करावी. कितीतरी चित्रे प्रदर्शन उतरल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी जातात, ती या नोंदींमुळे.

पैसे ठरले की कागदपत्रे. बिलावर चित्राचा क्रमांक, नाव, माप, माध्यम, रक्कम. सोबत प्रमाणपत्र: हे चित्र मी अमुक साली काढले, ते मूळ आहे, खाली सही आणि चित्राचा छोटा फोटो. चित्राच्या छापील प्रती काढणार असाल तर किती काढणार ते आधी जाहीर करा, प्रत्येकीवर १२/५० असा आकडा घाला आणि पन्नासावर थांबा. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तेव्हापासून छापील चित्र आपल्या घराघरांत आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण मूळ कोणते आणि प्रत कोणती हे घेणाऱ्याला कळलेच पाहिजे.

जीएसटीचे थोडक्यात: हाताने काढलेल्या चित्रावरचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वस्तूंच्या विक्रीसाठी नोंदणीची वार्षिक मर्यादा ४० लाख रुपये आहे, शिकवणीसारख्या सेवेसाठी २० लाख. दोन्ही करत असाल किंवा राज्याबाहेर चित्रे पाठवत असाल तर सीएला विचारूनच पुढे जा.

फसवणुकीचे दोन प्रकार मात्र पाठच करून ठेवावेत. ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका,’ असे कोणी म्हटले तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आणि परदेशातला अनोळखी माणूस बायकोला भेट म्हणून चित्र घेतो, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि वरची रक्कम वाहतूकदाराला द्यायला सांगतो. चेक काही दिवसांनी परत येतो, तोवर आपले पैसे गेलेले असतात.

चित्र बांधणे हेही हातचे कसब आहे. लांब पाठवायचा मोठा कॅनव्हास स्ट्रेचरवरून उतरवून गुंडाळतात. रंगाची बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो, बाहेर ठेवला की नुसता ताणला जातो. नळी जितकी रुंद तितके बरे. रंगावर आधी ग्लासिन कागद, मग बबल रॅप, त्याचेही फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर उकाड्यात मऊ झालेल्या ॲक्रिलिकवर गोल गोल ठसे उठतात. तैलचित्र तर हाताला कोरडे लागले तरी आत ओलेच असते. शेवटचे वॉर्निश द्यायला सहा महिने ते वर्ष थांबायची जुनी शिस्त आहे, ती त्यासाठीच. काचेची फ्रेम कुरियरने पाठवू नये. काचेऐवजी ॲक्रिलिक शीट घालावे. आणि पावसाळ्यात कोकण-मुंबईत चित्र भिंतीला टेकवून ठेवू नये. मागून बुरशी धरते आणि पुढून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

निव्वळ प्रदर्शनातल्या विक्रीवर वर्ष काढणारे चित्रकार थोडे. बाकीचे शिकवण्या घेतात, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी मुलांची तयारी करून घेतात, कार्यशाळा घेतात, पुस्तकांची मुखपृष्ठे करतात. यात कमी लेखण्याजोगे काही नाही. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठे आणि ‘दीपावली’चे अंक यांवर हयात घालवली, मुळगावकरांची चित्रे कॅलेंडरांतून घरोघरी गेली; मराठी माणसाची नजर घडवली ती या कामाने. ऑर्डरच्या कामाची शिस्त वेगळी असते इतकेच. व्यक्तिचित्राची मागणी आली तर निम्मी रक्कम आगाऊ, माप, मुदत, आणि दुरुस्त्या किती वेळा करून देणार, हे लेखी असावे. ‘नाक जरा आमच्या आजोबांसारखे वाटत नाही,’ ही तक्रार कितीदा ऐकायची याला मर्यादा हवी.

याच ठिकाणी कायद्याचे एक कलम चित्रकाराला माहीत हवे. चित्र विकले तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षे. घेणारा ते घरात लावू शकतो, कॅलेंडरवर छापू शकत नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी मोबदला देऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट त्या काढून घेणाऱ्याचा. म्हणून ऑर्डरच्या कागदावर एक ओळ वाढवावी: कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. कलम ५७ आणखी पुढे जाते आणि कामाची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा हक्क देते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले. त्यांनी सरकारविरुद्ध खटला लढवला, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला.

फेरविक्रीबद्दलही कायद्यात तरतूद आहे. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे १९७९ चे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. गायतोंडे २००१ मध्येच वारले होते. अशा फेरविक्रीतला वाटा चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना मिळावा म्हणून कलम ५३-अ आहे: मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर जास्तीत जास्त दहा टक्के. पण तो वाटा आपोआप घरी येत नाही, मागावा लागतो. मागताना चित्र आपले होते, केव्हा काढले, कोणाला कितीला दिले, हे दाखवता आले तर बोलण्यात जोर राहतो. तेव्हा बिलांच्या प्रती आणि ती वही कुठे ठेवली आहे, हे घरातल्या एका तरी माणसाला आजच सांगून ठेवा.